सडपातळ संगणकाच्या पोटात लॅपटॉप का असतो?

पडदा आणि संगणक एकाच कवचात बसवलेल्या यंत्राला ‘ऑल-इन-वन’ म्हणतात. ब्रिटनमधील कचेऱ्यांत, दवाखान्यांच्या स्वागतकक्षांत आणि घरांतील अभ्यासाच्या टेबलांवर ही यंत्रे सर्रास दिसतात, कारण टेबलाखाली वेगळे खोके लागत नाही, वायरींचा गुंता होत नाही आणि आटोपशीर खोलीत यंत्र सहज सामावून जाते. दिसायला हा डेस्कटॉप संगणकच असतो. तो एका जागी राहतो, भिंतीतल्या विजेवर चालतो आणि त्यात बॅटरी नसते. तरीही त्याचे पाठीमागचे झाकण उघडले, तर आत पुष्कळदा लॅपटॉपसाठी बनवलेला प्रोसेसर, लॅपटॉपची छोटी रॅम, लॅपटॉपच्या जातीचा चपटा पंखा आणि बाहेर लॅपटॉपसारखाच अडॅप्टर आढळतो. डेस्कटॉपची किंमत मोजलेल्या ग्राहकाला हे कळते तेव्हा आपली फसवणूक झाली, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे.

ही निवड मात्र मुळात भौतिकशास्त्राने घालून दिलेली आहे. यंत्राची जाडी कमी करायची असे एकदा ठरले की उष्णता, जागा आणि आवाज हे तीन प्रश्न एकदमच उभे राहतात, आणि या तिन्हींची तयार उत्तरे लॅपटॉपच्या तंत्रज्ञानात मिळतात. या उत्तरांच्या घडणीत ब्रिटनचा वाटा मोठा आहे. पडदा आणि संगणक एकत्र करून ते यंत्र सामान्य ग्राहकाच्या हाती देण्याचा एक यशस्वी प्रयोग तेथे १९८५ साली झाला, आणि आजच्या सर्वांत सडपातळ ऑल-इन-वन यंत्रांतील प्रोसेसर ज्या कुळातला आहे, त्या कुळाचा पहिला प्रोसेसरही त्याच वर्षी केंब्रिजमध्ये सुरू झाला.

उष्णतेचा हिशेब

प्रोसेसर जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरची दीर्घकाळ काम करतानाची मर्यादा ६५ ते १२५ वॉट एवढी ठरवलेली असते, आणि वरच्या श्रेणीतील प्रोसेसर थोड्या वेळापुरते २०० वॉटच्याही पुढे जातात. ही उष्णता काही चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर येत असल्यामुळे तिला वाट करून दिली नाही, तर तापमान काही क्षणांतच धोक्याच्या पातळीपर्यंत चढते. लॅपटॉपसाठी बनवलेल्या प्रोसेसरची हीच मर्यादा साधारणपणे १५ ते ४५ वॉट असते.

हा फरक कसा साधला जातो, हे समजले की पुढचे बरेच काही उलगडते. ट्रान्झिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधील सूक्ष्म विद्युत-कळ, उघडझाप करताना जी शक्ती खर्च होते ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : एका सेकंदात उघडझाप किती वेळा होते, म्हणजेच वारंवारता, आणि विद्युतदाबाचा वर्ग. वारंवारता वाढवायची असेल तर ट्रान्झिस्टर अधिक झटपट चालावे लागतात आणि त्यासाठी विद्युतदाबही वाढवावा लागतो, त्यामुळे वेग थोडा वाढला तरी विजेचा खर्च त्याच्या कितीतरी पट वाढतो. विद्युतदाब वारंवारतेच्याच प्रमाणात बदलतो असे ढोबळपणे धरले, तर शक्ती वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात जाते. वेग २० टक्क्यांनी कमी केला की ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळपास ०.५१, इतकीच शक्ती लागते. थोडक्यात, पंचमांश वेग सोडून दिला की निम्मी उष्णता वाचते. लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे डेस्कटॉपचा दुबळा भाऊ, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते. अनेकदा दोघांची रचना एकाच घराण्याची असते आणि कारखान्यात चाचणी घेताना जे तुकडे कमी विद्युतदाबावर नीट चालतात, ते निवडून लॅपटॉपसाठी बाजूला काढले जातात.

निर्माण झालेली उष्णता बाहेर काढण्याची सोयही जाडीवरच अवलंबून असते. उभ्या खोक्याच्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरवर १५-१६ सेंटिमीटर उंचीची, पातळ धातुपट्ट्यांची जुडी बसवता येते आणि १२० मिलिमीटर व्यासाचा पंखा तिच्यातून सावकाश पुष्कळ हवा खेळवतो. दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या कवचात अशी जुडी मावतच नाही. तेथे उष्णतानळी वापरावी लागते. ही तांब्याची बंद नळी असते आणि तिच्यात थोडासा द्रव असतो. प्रोसेसरजवळच्या टोकाला त्या द्रवाची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती थंड होऊन पुन्हा द्रव बनते आणि या फेऱ्यांमधून उष्णता कवचाच्या कडेपर्यंत वाहून नेली जाते. तेथे चपटा पंखा ती बाहेर लोटतो. लॅपटॉपच्या रचनाकारांनी ही पद्धत आधीच पक्की केलेली असल्यामुळे ऑल-इन-वनच्या रचनाकाराला ती जशीच्या तशी उचलता येते, मात्र तिची क्षमता मर्यादित असल्याने प्रोसेसरही तिला झेपेल असाच निवडावा लागतो.

पंख्याचा वेग वाढवून ही मर्यादा ओलांडता येईल, असे वाटू शकते. पण पंख्याने ढकललेली हवा त्याच्या वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, तर त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग दुप्पट केला की आवाजाची पातळी ढोबळमानाने १५ डेसिबलने चढते. टेबलाखालच्या खोक्याचा आवाज टेबलाच्या फळीमुळे काहीसा अडतो, ऑल-इन-वनचा पंखा मात्र वापरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फिरत असतो. ब्रिटनमध्ये हा केवळ सुखसोयीचा मुद्दा राहिलेला नाही. पडद्यासमोर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी तेथे १९९२ साली खास नियम करण्यात आले आणि १ जानेवारी १९९३ पासून ते लागू झाले. यंत्राच्या उष्णतेने कर्मचाऱ्याला त्रास होऊ नये आणि कामाची जागा सज्ज करताना यंत्राचा आवाज विचारात घ्यावा, जेणेकरून लक्ष विचलित होणार नाही आणि बोलण्यात अडथळा येणार नाही, अशा अपेक्षा त्या नियमांत स्पष्ट शब्दांत नोंदवल्या आहेत. शांत, न तापणारे यंत्र बनवण्याचा दबाव असा कायद्यातूनही येतो.

पडदा स्वतःही उष्णतेचा उगम असतो. त्याच्या मागील प्रकाशदिव्यांना वीज लागते, ते तापतात, आणि पडद्याच्या द्रव-स्फटिकांना व चिकटवलेल्या थरांना अति उष्णता सोसत नाही. वेगळ्या डेस्कटॉपमध्ये पडदा आणि प्रोसेसर यांचा एकमेकांशी संबंध येत नाही. येथे ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात, म्हणून प्रोसेसरची उष्णता आधीपासूनच बेताची ठेवणे भाग पडते.

जागेचा हिशेब

उष्णतेइतकाच साध्या लांबी-रुंदीचा प्रश्नही निर्णायक ठरतो. डेस्कटॉपची रॅमची पट्टी सुमारे १३३ मिलिमीटर लांब असते आणि मदरबोर्डावर काटकोनात उभी राहते, त्यामुळे केवळ तिच्यासाठीच तीन सेंटिमीटरहून अधिक खोली लागते. लॅपटॉपची पट्टी सुमारे ७० मिलिमीटर लांब असते आणि बोर्डाला समांतर आडवी झोपते. डेस्कटॉपची साडेतीन इंची हार्ड डिस्क सुमारे २६ मिलिमीटर जाड असते, तर लॅपटॉपची अडीच इंची डिस्क ७ किंवा साडेनऊ मिलिमीटर. सीडी-डीव्हीडीच्या काळात डेस्कटॉपचा ड्राइव्ह ४१ मिलिमीटर उंचीचा होता आणि लॅपटॉपचा अवघा १२.७ मिलिमीटरचा. डेस्कटॉपचे ग्राफिक्स कार्ड बोर्डावर उभे खोचले जाते, लॅपटॉपची ग्राफिक्स चिप मात्र बोर्डावरच सपाट बसवलेली असते. या सर्व आकड्यांची बेरीज केली, की सडपातळ कवचात डेस्कटॉपचे भाग मावण्याचा प्रश्न आपोआप निकाली निघतो.

सर्वांत अवजड भाग म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. ब्रिटनच्या भिंतीतून मिळणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज संगणकाला चालत नाही, तिचे कमी दाबाच्या एकदिश विजेत रूपांतर करावे लागते. या रूपांतरासाठी रोहित्र आणि उंच धारित्रे लागतात, उच्च दाबाच्या भागांभोवती सुरक्षिततेसाठी मोकळी जागा सोडावी लागते, आणि रूपांतरात वाया गेलेली वीजही उष्णताच बनते. हे सगळे अडॅप्टरमध्ये घालून यंत्राबाहेर काढले की कवचातील जाडीही वाचते आणि उष्णतेचा एक उगमही दूर होतो. ॲपलने २०२१ साली आणलेला २४ इंची आयमॅक हे याचे टोकाचे उदाहरण आहे. त्याची जाडी केवळ ११.५ मिलिमीटर आहे, त्याचा १४३ वॉटचा वीजपुरवठा बाहेरच्या अडॅप्टरमध्ये आहे, नेटवर्कच्या वायरीची जागासुद्धा काही नमुन्यांत त्या अडॅप्टरमध्येच दिलेली आहे, आणि हेडफोनची पिन कवचाच्या जाडीपेक्षा लांब असल्यामुळे तिचे छिद्र मागे न ठेवता कडेला ठेवावे लागले आहे.

ब्रेंटवुडचा धडा

वीजपुरवठा कोठे ठेवायचा, हा प्रश्न ब्रिटनमध्ये फार पूर्वीच सोडवायला घेतला गेला होता. ॲलन शुगर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या आणि पुढे एसेक्समधील ब्रेंटवुड येथून चाललेल्या ॲमस्ट्रॅड या कंपनीने १९८५ साली पीसीडब्ल्यू ८२५६ हे यंत्र बाजारात आणले. पडदा, मदरबोर्ड, तीन इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह आणि वीजपुरवठा हे सगळे त्याच्या एकाच कवचात होते. सोबत कीबोर्ड आणि छपाईयंत्र मिळत असे, आणि या सगळ्याची किंमत करांव्यतिरिक्त ३९९ पौंड होती. ब्रिटनमधील असंख्य लेखक, छोटे व्यावसायिक आणि सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते यांनी टंकलेखनयंत्र बाजूला ठेवून याच यंत्रावर लिहायला सुरुवात केली.

पीसीडब्ल्यू ८२५६ चे कवच जाड होते, कारण त्यात काचेची पडदा-नलिका होती आणि तिला खोली लागतच असे. त्यातील झेड-८० हा प्रोसेसर ४ मेगाहर्ट्झवर चालत असे आणि फारसा तापत नसे. आतल्या भागांची जात निवडण्याचा प्रश्न त्यामुळे उद्भवलाच नाही. उष्णतेचा प्रश्न मात्र पुढच्याच वर्षी समोर आला. १९८६ साली ॲमस्ट्रॅडने आणलेल्या पीसी १५१२ या स्वस्त संगणकाचा वीजपुरवठा पडद्याच्या कवचात ठेवला होता, म्हणून मुख्य खोक्यात पंख्याची गरज नव्हती. तरीही पंखा नसलेले यंत्र तापून बिघडेल, अशी चर्चा व्यावसायिक ग्राहकांत पसरली, आणि खरेदीदारांची खात्री पटावी म्हणून कंपनीने अखेर पंखा बसवला. उष्णता कोठे निर्माण होते हे ओळखून तो भाग दुसरीकडे हलवण्याची ॲमस्ट्रॅडची कल्पना अभियांत्रिकीच्या दृष्टीने योग्य होती, आणि आजचा बाहेरचा अडॅप्टर हे तिचेच पुढचे पाऊल आहे.

केंब्रिजचे उत्तर

उष्णता दुसरीकडे हलवण्यापेक्षा ती निर्माणच होऊ न देणे हा अधिक मूलगामी मार्ग, आणि तो केंब्रिजमध्ये सापडला. बीबीसी मायक्रो हा शाळांत पोहोचलेला संगणक बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी नव्या प्रोसेसरची रचना केली. एकॉर्नला तो स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायचा होता, कारण जास्त तापणाऱ्या चिपला महागडे सिरॅमिकचे वेष्टन लागते. म्हणून त्याचा खर्च एका वॉटच्या आत ठेवण्याचे लक्ष्य होते. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप केंब्रिजमध्ये येऊन पोहोचली आणि त्याच दिवशी ती चालू झाली. तिच्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. वीज किती लागते हे फर्बर यांनी मोजायला घेतले तेव्हा मापक शून्य दाखवत होता. बोर्डाच्या चुकीमुळे चिपची वीजजोडणी झालेलीच नव्हती, आणि शेजारच्या भागांकडून येणाऱ्या संकेतांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती काम करत होती. एआरएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेची काटकसर तेथेच सिद्ध झाली.

१९९० साली एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून या रचनेसाठी स्वतंत्र कंपनी काढली. केंब्रिजजवळच्या स्वॉफम बुलबेक या गावातील एका जुन्या कोठारात १२ अभियंत्यांनिशी तिचे काम सुरू झाले. विजेची बचत हा तिचा मुख्य गुण असल्यामुळे तिची रचना आधी हातातल्या यंत्रांत आणि मोबाइल फोनमध्ये पसरली. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये याच रचनेच्या आज्ञासंचावर (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या संचावर) आधारलेला एम-१ हा प्रोसेसर आणला, तो पंखा नसलेल्या मॅकबुक एअर या लॅपटॉपमध्ये बसवला, आणि पुढच्या वर्षी ११.५ मिलिमीटर जाडीच्या आयमॅकमध्येही तोच बसवला. लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये वापरणे हा जो पूर्वी कमीपणा मानला जात असे, तो या यंत्राने उघडपणे मिरवला, कारण एका वॉटमागे मिळणारे काम एवढे वाढले होते, की बहुतेक कामांसाठी डेस्कटॉप प्रोसेसरची उणीव भासत नव्हती.

त्याच तत्त्वाचा आणखी साधा नमुनाही केंब्रिजमधूनच आला. रास्पबेरी पायने २ नोव्हेंबर २०२० रोजी आणलेल्या ‘पाय ४००’ या यंत्रात संपूर्ण संगणक कीबोर्डच्या कवचात आहे आणि त्याची निर्मिती वेल्समधील पेनकोएड येथील सोनीच्या कारखान्यात होते. त्यात पंखा नाही. कीबोर्डखाली पसरलेली मोठी धातूची पट्टी उष्णता शोषून घेते, आणि त्या जोरावर पाय ४ या बोर्डावर मूळ १.५ गिगाहर्ट्झवर चालणारी चिप येथे १.८ गिगाहर्ट्झवर चालते. थंड करण्याची सोय सुधारली की तेवढ्याच सिलिकॉनकडून अधिक काम करून घेता येते, आणि ती सोय कमी झाली की काम कमी होते, हा नियम या छोट्या यंत्रात अगदी स्पष्ट दिसतो.

सडपातळपणाची चढाओढ

ऑल-इन-वन सडपातळ असावा, ही अपेक्षा जगभर रुजवण्यातही एका ब्रिटिश रचनाकाराचा मोठा हात आहे. लंडनमधील चिंगफर्ड येथे १९६७ साली जन्मलेले आणि न्यूकॅसल पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले जोनाथन आइव्ह १९९२ मध्ये ॲपलमध्ये गेले. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेला पहिला आयमॅक १९९८ साली आला. त्याचे कवच काचनलिकेमुळे अजून जाडजूडच होते, तरीही त्याची रॅम आणि सीडी ड्राइव्ह लॅपटॉपच्या जातीचे होते. सपाट पडदे आल्यावर जाडी झपाट्याने कमी होऊ लागली आणि २००४ च्या आयमॅक जी-५ मध्ये संपूर्ण संगणक पडद्याच्या पाठीमागे गेला. पण त्यातला जी-५ प्रोसेसर इतका तापत असे, की तो ॲपलला लॅपटॉपमध्ये कधीच बसवता आला नाही. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी २००५ मध्ये इंटेलकडे वळण्याची घोषणा करताना एका वॉटमागे मिळणारे काम हेच कारण पुढे केले. जानेवारी २००६ मध्ये आलेल्या पहिल्या इंटेल आयमॅकमध्ये कोअर ड्युओ हा लॅपटॉपचा प्रोसेसर होता, आणि त्याच दिवशी जाहीर झालेल्या मॅकबुक प्रोमध्येही त्याच जातीचा.

२०१२ साली आयमॅकची कड ५ मिलिमीटरवर आली. त्यासाठी डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाकला गेला, २१.५ इंची यंत्रात लॅपटॉपची अडीच इंची सावकाश फिरणारी डिस्क आणि लॅपटॉपची ग्राफिक्स चिप बसवली गेली. २०१४ च्या सर्वांत स्वस्त आयमॅकमध्ये तर मॅकबुक एअरचाच १५ वॉटचा, दोन गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर होता. हा नियम निरपवाद मात्र नाही. २००९ पासून २७ इंची आयमॅकमध्ये डेस्कटॉपचे चार गाभ्यांचे प्रोसेसरही मिळत होते, आणि २०१७ च्या आयमॅक प्रोमध्ये १८ गाभ्यांपर्यंतचे झिऑन प्रोसेसर होते. ते शक्य झाले, कारण पाठीचा मधला भाग फुगीर ठेवून तेथे मोठ्या पंख्यांना आणि धातुपट्ट्यांना जागा दिली होती. जाडी दिली की डेस्कटॉपचे भाग परत येऊ शकतात, याचा हा पुरावाच आहे.

कारखान्याचे गणित

भौतिकशास्त्राबरोबर अर्थशास्त्रही याच दिशेने ओढते. जगात लॅपटॉप ऑल-इन-वनपेक्षा कितीतरी अधिक खपतात, त्यामुळे त्यांचे सुटे भाग मोठ्या संख्येने बनतात आणि स्वस्त पडतात. अनेक नामांकित कंपन्यांचे संगणक प्रत्यक्षात क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन यांसारख्या तैवानी उत्पादकांकडून बनवून घेतले जातात, आणि त्यांच्याकडे लॅपटॉपच्या मदरबोर्डांच्या चाचणी झालेल्या रचना तयारच असतात. अशा बोर्डावर आतील पडद्याची जोडणी, वेबकॅम, मायक्रोफोन, स्पीकर आणि वायरलेस नेटवर्क यांची सोय आधीच केलेली असते. डेस्कटॉपच्या सर्वसाधारण बोर्डावर ती नसते, कारण त्याचा पडदा नेहमी बाहेरच असतो. नव्या यंत्रासाठी वेगळा बोर्ड घडवण्यापेक्षा हा तयार बोर्ड पडद्याच्या मागे बसवणे कितीतरी सोपे आणि कमी खर्चाचे ठरते.

विजेच्या नियमांनीही या निवडीला बळ दिले. युरोपीय संघाच्या २०१३ च्या ६१७ क्रमांकाच्या नियमावलीत पडदा आणि संगणक एकत्र असलेल्या यंत्राची स्वतंत्र व्याख्या आहे. जुलै २०१४ पासून अशा यंत्रांच्या वार्षिक वीजवापरावर मर्यादा आली आणि जानेवारी २०१६ पासून ती आणखी कडक झाली. संघातून बाहेर पडल्यावरही ग्रेट ब्रिटनने ही नियमावली आपल्या कायद्यात कायम ठेवली. निष्क्रिय असताना कमी वीज खाणे हे लॅपटॉपच्या भागांचे मूळ वैशिष्ट्यच असल्यामुळे ते या मर्यादेत सहज बसतात.

ग्राहक काय गमावतो

या सगळ्या फायद्यांची किंमत ग्राहकालाच मोजावी लागते. पहिली किंमत म्हणजे दीर्घकाळ टिकणारा वेग. पत्रव्यवहार, हिशेब, चित्रपट किंवा दूरसंवाद यांसाठी फरक जाणवत नाही, पण तासभर चालणारे चित्रफितीचे संपादन किंवा जड गणिती काम सुरू केले की प्रोसेसर तापमानाच्या मर्यादेला पोहोचतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. महाराष्ट्रात ही अडचण अधिक तीव्र होते. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल, हे चिप आणि खोली यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. चिपची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस धरली, तर लंडनमधील २० अंशांच्या खोलीत हा फरक ८० अंशांचा असतो आणि विदर्भातील उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत ६० अंशांचा, म्हणजेच तेच यंत्र तेथे एक चतुर्थांश कमी उष्णता बाहेर टाकू शकते. शिवाय लॅपटॉपचे भाग असूनही लॅपटॉपची बॅटरी नसल्यामुळे वीज गेली की काम जागच्या जागी थांबते.

दुसरी आणि अधिक चिंतेची किंमत दुरुस्तीची आहे. डेस्कटॉपचा प्रोसेसर खोबणीत बसवलेला असतो आणि काढून बदलता येतो, लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डाला कायमचा जोडलेला असतो. अनेक यंत्रांत रॅमही तशीच जोडलेली असते आणि पडदा डिंकाने चिकटवलेला असतो. परिणामी एक भाग बिघडला किंवा जुना झाला, की उत्तम स्थितीतील पडद्यासकट संपूर्ण यंत्र टाकण्याची वेळ येते. २००९ ते २०१४ दरम्यानचे बरेच आयमॅक दुसऱ्या संगणकाचा पडदा म्हणून वापरता येत असत, पुढे ती सोयही राहिली नाही. सुटे भाग उपलब्ध ठेवण्याचे बंधन घालणारे नियम ब्रिटनमध्ये जुलै २०२१ पासून लागू झाले. त्यांत कपडे धुण्याची यंत्रे, शीतकपाटे आणि दूरचित्रवाणी संच आले, संगणक मात्र आले नाहीत. ही त्रुटी गंभीर आहे. ज्या यंत्रात पडदा आणि संगणक यांचे आयुष्य एकमेकांशी बांधलेले आहे, त्याला दुरुस्तीच्या हक्काची गरज सर्वांत जास्त आहे.

खरेदीपूर्वी काय पाहावे

ग्राहकाला हे सगळे दुकानातच ताडता येते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ हे अक्षर असेल तर तो कमी विजेचा लॅपटॉप-प्रोसेसर असतो, ‘एच’ असेल तर अधिक ताकदीचा लॅपटॉप-प्रोसेसर असतो, आणि ‘टी’ असेल तर साधारण ३५ वॉटवर बांधलेला डेस्कटॉप-प्रोसेसर असतो, जो खोबणीत बसतो. एएमडीच्या नावांतही ‘यू’ आणि ‘एच’ यांचा अर्थ असाच आहे. रॅम वाढवता येते का, डिस्क बदलता येते का, दुसऱ्या संगणकाची वायर जोडून पडदा वापरण्यासाठी आत येणारी खोबण आहे का, आणि पडद्याची उंची बदलता येते का, हे चार प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. ब्रिटनमध्ये निष्क्रिय अवस्थेतील वीजवापर आणि आवाजाची पातळी ही माहिती उत्पादकाने विनामूल्य संकेतस्थळावर देणे वर उल्लेखलेल्या २०१३ च्या नियमावलीनुसार बंधनकारक आहे, ती वाचूनच निर्णय घ्यावा. जड काम नियमित करायचे असेल, तर वेगळा पडदा आणि वेगळे खोके हीच निवड आजही अधिक शहाणपणाची आहे. यंत्र जुने झाले, तरी पडदा शाबूत राहून केवळ खोके बदलावे लागते.

सडपातळ ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपचे भाग असणे ही लबाडी नाही. लबाडी होते ती ही गोष्ट ग्राहकापासून लपवली जाते तेव्हा. आतला प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे, तो सलग किती वॉटवर चालतो आणि कोणते भाग बदलता येतात, हे खोक्यावर ठळक अक्षरांत छापण्याचा आग्रह ग्राहकांनी आणि त्यांच्या संघटनांनी ब्रिटनमध्येही धरावा आणि महाराष्ट्रातही.